जुनी स्पोर्ट्स कार घेताना: आधीच्या मालकांनी कोणती कामं टाळली ते शोधा

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारच्या जाहिराती पाहताना अनेकांना एकच प्रश्न पडतो: एवढी गाडी एवढ्या स्वस्तात कशी? नवी होती तेव्हा जिच्या किमतीत तीन-चार साध्या गाड्या आल्या असत्या, ती आज एका नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते. फोटोत चकाकत असते, व्हिडिओत इंजिन गुरगुरत असतं आणि विकणारा म्हणतो, ‘काही काम नाही, घ्या आणि चालवा.’

कधीकधी ते खरंही असतं. पण स्वस्ताईचं कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडीची बाजारातली किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची मात्र उतरत नाही. जी गाडी मुळात भरपूर पैसा असणाऱ्यांसाठी बनली, तिचे ब्रेक, क्लच आणि शॉकअप आजही त्याच दर्जाचे लागतात आणि तितकेच महाग पडतात. पहिला मालक हा खर्च सहज करतो. तिसऱ्या-चौथ्या मालकाने गाडी उतरलेल्या भावात घेतलेली असते, बिलं मात्र मूळ भावाच्या हिशेबाने येतात. मग ‘पुढच्या वर्षी बघू’ सुरू होतं.

ही बिलं किती मोठी असू शकतात, याचं एक उदाहरण. टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह (इंजिनात हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) यांची वेळ जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा. १९९४ साली आलेल्या फेरारी एफ३५५ मध्ये तो बदलायला अख्खं इंजिन गाडीबाहेर काढावं लागतं. तिच्यानंतर १९९९ साली आलेल्या फेरारी ३६० मध्ये सीटमागचं झाकण काढलं की तेच काम इंजिन जागेवर ठेवून करता येतं. कंपनी एक आणि पट्टाही त्याच कामाचा, पण मजुरीत जमीन-अस्मानाचा फरक. साहजिकच, पहिल्या गाडीत हे काम टाळण्याचा मोह जास्त.

म्हणून जुनी स्पोर्ट्स कार तपासताना मनात एकच प्रश्न धरावा: आधीच्या मालकांनी कोणती कामं केली आणि कोणती माझ्यासाठी ठेवली?

आधी कागद, मग गाडी

गाडी पाहायला जाण्याआधी विकणाऱ्याकडून बिलांचे फोटो मागवून घ्या. एकदा गाडी समोर दिसली, दार उघडून आत बसलात, की डोकं थंड ठेवणं कठीण जातं. कागद घरी बसून शांतपणे वाचता येतात.

सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यापेक्षा बिल जास्त बोलतं. शिक्का एवढंच सांगतो की गाडी गॅरेजमध्ये आली होती. बिलावर तारीख, किलोमीटर, बदललेले भाग आणि वापरलेल्या ऑइलचा प्रकार असतो. बिलं तारखेप्रमाणे लावा आणि किलोमीटरचे आकडे ओळीने वाचा. आकडा कुठे मागे गेला तर मीटरशी छेडछाड झाल्याची शंका घ्या. तीन वर्षं एकही बिल नसेल तर त्या काळात गाडी कुठे होती, हे विचारा. मला तर एखादं मोठ्या दुरुस्तीचं बिल दिसलं की बरंच वाटतं. दहा वर्षांत एकही मोठं काम न निघालेली स्पोर्ट्स कार जवळजवळ नसतेच. ‘काहीच करावं लागलं नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘काहीच केलं नाही’ असा असतो.

व्हीआयएन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. १९८० च्या दशकापासूनच्या बहुतेक गाड्यांवर तो १७ अक्षर-अंकांचा असतो. पुढच्या काचेखाली, दाराच्या खांबावर आणि चेसिसवर असा तो अनेक ठिकाणी कोरलेला किंवा चिकटवलेला असतो. सगळीकडे तो सारखा हवा आणि कागदांशी जुळायला हवा. गाडीवर कर्ज बाकी आहे का, विम्याने ती कधी ‘दुरुस्तीपलीकडची’ ठरवली होती का, हेही नोंदणी कार्यालयाच्या नोंदींतून याच टप्प्यावर पाहून घ्या.

याच क्रमांकावरून कंपनीकडे आणखी एक चौकशी करा: या गाडीवर एखादा रिकॉल बाकी आहे का? रिकॉल म्हणजे सदोष भाग फुकट बदलून देण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावणं. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या एअरबॅग फुगवणाऱ्या डबीतलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे वर्षानुवर्षं बिघडत जातं. मग अपघातात डबीच फुटून धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर येऊ शकतात. त्यातून अमेरिकेतल्या वाहन उद्योगाच्या इतिहासातलं सर्वांत मोठं रिकॉल झालं. बीएमडब्ल्यूच्या ३-सीरीजमधल्या ई४६ या पिढीतल्या आणि माझ्दा आरएक्स-८ सारख्या, आज जुन्या बाजारात फिरणाऱ्या गाड्या त्यात आहेत. बदल फुकट होतो, तरी मालक बदलत गेले की कंपनीची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात आणि काम राहून जातं.

‘रनिंग कमी आहे, म्हणजे गाडी चांगली’

हा समज सर्वांत जास्त महागात पडतो. वीस वर्षांत फक्त तीस हजार किलोमीटर चाललेली गाडी ऐकायला छान वाटते. पण रबर, ऑइल, ब्रेक ऑइल आणि टायर यांना किलोमीटर कळत नाहीत, त्यांना वर्षं कळतात.

गाडी नुसती उभी राहिली तरी सस्पेन्शनचे रबरी बुश तडकतात, ऑइल सील कोरडे होऊन गळू लागतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टरमध्ये चिकटा धरतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. त्यामुळे जोरात ब्रेक वापरल्यावर ते उकळून पेडल पोकळ होऊ शकतं आणि आतले भागही गंजतात. म्हणूनच ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो वा न चालो. टायमिंग बेल्टलाही किलोमीटरसोबत वर्षांची मर्यादा असते, आणि दोन्हींपैकी जी आधी येईल ती पाळायची. अनेक इंजिनांत पट्टा तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नसतं.

टायरचं वय तुम्हाला स्वतःला वाचता येतं. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ या अक्षरांपाशी आकड्यांची एक ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे पाहा. ३२१९ असेल तर टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला. चाराऐवजी तीनच आकडे असतील तर तो २००० सालाच्याही आधीचा. बरेच टायर उत्पादक दहा वर्षं ही कमाल मर्यादा मानतात आणि पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यायला सांगतात. खाचा पूर्ण शिल्लक असूनही रबर कडक झालेलं असतं आणि त्याची पकड गेलेली असते. नोव्हेंबर २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर आणि त्याचा चालक मित्र कॅलिफोर्नियातल्या ज्या अपघातात गेले, ती गाडी २००५ मॉडेलची पोर्शे कॅरेरा जीटी होती. तपास अधिकाऱ्यांनी अतिवेग हे मुख्य कारण दिलं, पण टायर नऊ वर्षांचे झाले होते आणि त्याचा गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असावा, हेही नोंदवलं. कमी चाललेल्या गाडीवरचे मूळ टायर ‘अजून नवेच आहेत’ म्हणून कोणी दाखवले, तर ते बदलण्याचा खर्च हिशेबात धरा आणि चाचणीही जपून घ्या.

कमी रनिंग खरंच कमी आहे का, हा वेगळा प्रश्न. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं आणि गिअरची मूठ पाहा. चाळीस हजार किलोमीटरमध्ये पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. बऱ्याच आधुनिक गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरशिवाय इतर कॉम्प्युटर युनिटमध्येही राहते, आणि जाणकार गॅरेजला ती वाचता येते.

माझं मत विचाराल तर नियमित चाललेली, दरवर्षी ऑइल बदललेली एक लाख किलोमीटरची गाडी मी वीस हजार किलोमीटर चालून दहा वर्षं झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा आधी पाहायला जाईन.

प्रत्येक मॉडेलचं एक ठरलेलं दुखणं

जुन्या गाडीचा फायदा असा की तिच्यात काय बिघडतं ते आता सगळ्यांना माहीत झालेलं असतं. गाडी ठरवली की त्या मॉडेलची दुखणी आधी पाठ करा.

१९८९ साली आलेली माझ्दा एमएक्स-५ यांत्रिकदृष्ट्या दणकट, पण तिचा शत्रू गंज. कापडी टपावर पडलेलं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पानं आणि मातीने तुंबल्या की पाणी दारांखालच्या पोकळ पट्टीत साठतं आणि ती आतून सडते. मागच्या चाकाच्या जरा पुढे, खालच्या कडेवर बोट फिरवून पाहा. रंगाखाली फोड आले असतील तर पत्रा आतून गेलेला आहे आणि जो भाग दिसतोय तो शेवटचा थर आहे.

बीएमडब्ल्यू एम३ च्या ई४६ पिढीत मागचा ॲक्सल ज्या पत्र्याला बसवलेला आहे, त्या पत्र्यालाच तडे जातात. ते खालून, गाडी लिफ्टवर चढवूनच दिसतात. याच गाडीच्या सुरुवातीच्या इंजिनांतले कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचे) बेअरिंग कंपनीने स्वतः बदलून दिले होते. ते काम झाल्याची नोंद आहे का, ते विचारा.

१९९९ ते २००७ या काळातल्या टोयोटा एमआर२ मध्ये इंजिनाला लागूनच धूर शुद्ध करणाऱ्या छोट्या जाळ्या असतात. त्या झिजून त्यांचा भुगा इंजिनात ओढला जाऊ शकतो, आणि मग इंजिन ऑइल पिऊ लागतं. माझ्दा आरएक्स-८ चं इंजिन तर मुळातच वेगळं. त्यात वर-खाली होणारे पिस्टन नाहीत, तीन बाजूंचे रोटर गोल फिरतात. ते थोडं ऑइल जाळणारच, कारण रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून ऑइल मुद्दाम आत सोडलेलं असतं. तपासायचं ते कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतली हवा किती घट्ट दाबू शकतं ते. त्यासाठी रोटरी इंजिनचं खास उपकरण लागतं, कारण साधा गेज तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दाखवतो. गरम झालेलं इंजिन बंद करून लगेच सुरू करा. ते सुरू व्हायला कुरकुरत असेल तर कॉम्प्रेशन घसरलेलं असण्याची शक्यता मोठी.

‘मग अशी गाडी घ्यायचीच नाही का?’

हा आक्षेप सर्वांत जास्त पोर्शेबाबत ऐकू येतो. १९९६ साली आलेली बॉक्स्टर आणि १९९७ पासूनची पाण्याने थंड होणारी ९११, या दोन्हींच्या इंजिनात एक मधला दांडा असतो. इंजिनाची गती तो व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळ्यांपर्यंत नेतो. त्याच्या एका टोकाचं बेअरिंग बंद पद्धतीचं, आत ग्रीस भरलेलं आहे. काळानुसार ग्रीस निघून जातं, बेअरिंग झिजतं, आणि ते तुटलं तर व्हॉल्व्हची वेळ चुकून इंजिन बाद होतं. हे वाचून लोक या गाड्यांचं नावच टाकतात.

इथे घाबरण्यापेक्षा तपशील पाहावा. एकतर बहुतेक इंजिनांत हे कधीच घडत नाही. दुसरं, सगळी वर्षं सारखी नाहीत. सुरुवातीचं दुहेरी ओळीचं बेअरिंग त्यानंतरच्या एकेरी ओळीच्या बेअरिंगपेक्षा टिकाऊ मानलं जातं. शेवटच्या काही वर्षांतलं बेअरिंग आणखी मोठं आहे, पण ते इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय बाहेर येत नाही. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ यांचं इंजिन वेगळ्या घराण्याचं असल्यामुळे त्यांना हा त्रास नाही, आणि २००९ मॉडेल वर्षापासून आलेल्या नव्या इंजिनात हा दांडाच राहिला नाही. तिसरं म्हणजे, ज्या इंजिनांत हे बेअरिंग बाहेर काढता येतं, तिथे क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवला की तेही हाताशी येतं. एकाच मजुरीत दोन कामं होतात. त्यामुळे इथे विचारायचं ते असं: क्लच कधी बदलला आणि तेव्हा बेअरिंग बदललं का? ‘हो’ म्हणून बिल दाखवणारा मालक भेटला तर पुढे बोला. नुसतं ‘हो’ पुरेसं नाही.

अशी प्रसिद्ध दुखणी उलट खरेदीदाराच्या बाजूने काम करतात. खर्च आधीच ठाऊक असतो, तो किमतीतून वजा करून मागता येतो.

रंग, पत्रा आणि लपवलेला अपघात

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहा. ओल्या गाडीवर प्रत्येक रंग छान दिसतो. दोन पत्र्यांमधल्या फटी डाव्या-उजव्या बाजूला सारख्या आहेत का, बॉनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, रबरांच्या कडेवर रंगाचे शिंतोडे आहेत का, हे बघायला कोणतंही उपकरण लागत नाही.

रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर फारच उत्तम. कंपनीतून आलेला रंग बहुतेक गाड्यांवर १०० ते २०० मायक्रॉनच्या आसपास असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एखाद्या दारावर आकडा अचानक ४०० दाखवू लागला तर ते पुन्हा रंगवलेलं आहे. हजाराच्या पुढे गेला तर खाली पुटी भरलेली आहे. नुसतं पुन्हा रंगवणं हा दोष नाही, दगडाच्या टवक्यांमुळेही बॉनेट रंगवतात. छप्पर, दारांचे खांब आणि चाकांवरच्या मागच्या कमानी इथे जाड रंग सापडला तर मात्र अपघात मोठा होता असं समजा.

हे यंत्र फायबरच्या बॉडीवर काम करत नाही. १९९६ सालच्या लोटस एलिझचं उदाहरण घ्या. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खास गोंदाने चिकटवून बनवलेला आहे आणि पुढचा-मागचा भाग फायबरचा एकसंध तुकडा आहे. अशा गाडीत किरकोळ ठोकर बसली तरी मोठा तुकडा दुरुस्त करावा लागतो, आणि सांगाड्याला मार बसला असेल तर साध्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या हातची ती गोष्ट नाही. तिथे सांगाडा डोळ्यांनी पाहणारा जाणकारच हवा.

कापडी किंवा उघडणारं छप्पर असेल तर ते दोन-तीनदा उघडून बंद करा आणि गालिचाखाली हात घालून ओल चाचपा. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये सीटखालीच एक इलेक्ट्रॉनिक युनिट असतं. पाण्याच्या नळ्या तुंबल्या की ते भिजतं आणि गाडी सुरू होईनाशी होते. ओल्या गालिचाकडे म्हणून कधीही दुर्लक्ष करू नका.

इंजिन गार असतानाच सुरू करा

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर बसा, गप्पा मारा, गार होऊ द्या किंवा दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन बरंच काही लपवतं. ढिली झालेली टायमिंग साखळी पहिल्या काही सेकंदांतच खडखडते आणि ऑइलचा दाब आला की शांत होते. रात्रभर व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेलं ऑइल पहिल्या क्षणी निळा धूर होऊन बाहेर पडतं, नंतर काही दिसत नाही.

किल्ली फिरवताना मीटरकडे पाहा. इंजिन, ऑइल, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग यांचे दिवे आधी लागायला हवेत आणि मग विझायला हवेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर कोणीतरी बल्ब काढून किंवा वायर तोडून दोष झाकलेला असू शकतो.

धुराचे तीन रंग लक्षात ठेवा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर गार हवेत सुरुवातीला वाफ म्हणून येतोच, पण इंजिन तापल्यावरही तो गोडसर वासासह टिकून राहिला तर कूलंट जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बाष्पामुळेही थोडा थर धरतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका.

निकाल देते ती लीक-डाउन चाचणी. स्पार्क प्लग काढून बंद सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते मोजायचं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते शोधतो, तसंच इथे हवा कुठून निसटते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. हवा आत घेणाऱ्या पाइपातून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली आहे. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधला सील, गेलं. साधारण दहा टक्क्यांच्या आत गळती असेल आणि सगळे सिलिंडर जवळपास सारखे असतील तर इंजिन निरोगी आहे. एखादाच सिलिंडर वीसच्या पुढे गेला तर काम निघणार, हे नक्की.

रस्त्यावर

गिअरबॉक्सची परीक्षा पहिल्या पाच मिनिटांत, तो गार असताना होते. दुसरा आणि तिसरा गिअर जरा चपळाईने टाका. खर्र आवाज आला तर गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी रिंगा झिजल्या आहेत. क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, इंजिन कमी फेऱ्यांवर फिरत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा झपकन वर चढला आणि गाडीचा वेग मात्र तसाच राहिला तर क्लचप्लेट घसरते आहे. ब्रेक जोरात दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरतं का, ते पाहा. डिस्कच्या कडेवर किंवा मध्यभागी तिची किमान जाडी कोरलेली असते, मोजून ताडून पाहता येते. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असेल तर ऐन वेगात शिट्टी किंवा कुरकुर आणि पाय उचलल्यावर मागे धूर, हे दोन्ही बघा.

ट्रॅकवर पळवलेली गाडी, आणि कॉम्प्युटर काय सांगतो

‘ट्रॅकवर गेलेली गाडी नको’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. ट्रॅकवर जाणारे अनेक मालक ऑइल आणि ब्रेक ऑइल इतरांपेक्षा लवकर बदलतात. त्यांची बिलंही जाडजूड असतात. सीटमागे पट्ट्यांसाठी पाडलेली भोकं, तापून निळसर झालेल्या डिस्क, बाहेरच्या कडेवर खाल्लेले टायर, या खुणा दिसूनही मालक ‘कधीच नाही’ म्हणाला, तर मात्र निघून या.

इंजिनाचं खरं नुकसान एका चुकलेल्या गिअरमध्ये होतं. स्पोर्ट्स कारमध्ये रेव्ह लिमिटर असतो. इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या वर जाऊ लागलं की तो पेट्रोल तोडतो. होंडा एस२००० मध्ये सुरुवातीच्या गाड्यांची लाल रेषा मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर आहे. समजा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ८,५०० वर आहे आणि चौथा टाकताना हात डावीकडे ओढला जाऊन दुसरा पडला. त्या गाडीत तिसऱ्याचं गुणोत्तर १.४८१ आणि दुसऱ्याचं २.०४५. क्लच सुटला की चाकं इंजिनाला साडेअकरा हजारांच्याही वर फिरवतात. लिमिटर इथे काही करू शकत नाही, कारण आता इंजिन चाकांना फिरवत नसून चाकंच इंजिनाला फिरवत असतात. स्प्रिंगांना तेवढा वेग झेपत नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात. कधी इंजिन जागीच जातं, कधी ते वरवर ठीक चालत राहतं आणि मालक गाडी विकायला काढतो.

काही गाड्या ही चूक लिहून ठेवतात. पोर्शेच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये मर्यादेपलीकडच्या फेऱ्या पातळीनुसार मोजलेल्या असतात आणि इंजिनाच्या कितव्या तासाला ते घडलं याचीही नोंद मिळते. ती नोंद वाचल्याशिवाय अशी गाडी घेऊ नये.

साध्या गाड्यांतही कॉम्प्युटर जोडून पाहा. ओबीडी म्हणजे गाडीचे दोष वाचण्याचं ठरीव जोडणीचं सॉकेट. अमेरिकेत ते त्याच्या आजच्या ठरीव रूपात १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचं झालं. दोष आहे का, एवढंच बघून थांबू नका. कॉम्प्युटर स्वतःच्या यंत्रणा तपासून झाल्या की ‘तयार’ अशी नोंद ठेवतो. विकणाऱ्याने सकाळी दोषाचे कोड पुसून टाकले असतील तर इंजिनचा दिवा बंद दिसेल, पण तपासण्यांसमोर ‘तयार नाही’ लिहिलेलं असेल. त्या पूर्ण व्हायला वेगवेगळ्या प्रकारे बरंच चालवावं लागतं. बॅटरी काढल्यानेही असं होतं. तेव्हा आरोप न करता चार-आठ दिवसांनी पुन्हा वाचून घेण्याची अट घाला.

बदल केलेली गाडी असेल तर एवढंच विचारा: मूळ भाग जपून ठेवलेत का, आणि इंजिनाचा प्रोग्राम कोणी बदलला? कापून टेपने जोडलेल्या वायरी दिसल्या तर मी ती गाडी सोडून देईन, बाकी कितीही चांगली असली तरी.

‘एवढं सगळं तपासू कोण देईल?’

चांगला मालक देतो. पैसे तुम्ही देणार, गॅरेज तुम्ही निवडणार आणि गाडी तो स्वतः घेऊन येणार, असा प्रस्ताव ठेवा. गॅरेज त्या मॉडेलवर रोज काम करणारं हवं आणि विकणाऱ्याच्या ओळखीचं नको. साधा मेकॅनिक प्रामाणिक असला तरी एम३ च्या पत्र्यातला तडा कुठे शोधायचा, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. तपासणीचा खर्च गाडी न घेताही करावा लागेल, आणि तो वाया गेला असं समजू नका. तपासणीला नकार देणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तो सौदा तिथेच संपला.

अहवाल हाती आला की निघालेल्या कामांची यादी करा. सुरक्षेची, इंजिन वाचवणारी आणि थांबू शकणारी, अशी तिची विभागणी करून पहिल्या दोन्हींचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. याशिवाय खरेदीच्या निदान पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावी, असं मला वाटतं. ती ठेवता येत नसेल तर एक पायरी साधी गाडी पाहा.

गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग) आणि ब्रेक यांची सगळी ऑइलं आणि कूलंट बदलून टाका. बेल्टचं बिल मिळालं नसेल तर तो बदललेला नाही असं धरून चला. जुना ऑइल फिल्टर फेकण्याआधी कापून उघडायला सांगा, त्याच्या कागदी घड्यांत धातूचा चुरा चमकतो का ते दिसतं. जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर त्यातलं लोखंड, तांबं आणि शिसं मोजून मिळतं. शिसं आणि तांबं सोबत वाढलेलं असेल तर बऱ्याच इंजिनांत बेअरिंग झिजत असल्याची ती खूण असते. एका अहवालावरून घाबरू नका, पाच-सात हजार किलोमीटर चालवून दुसरा नमुना पाठवा आणि आकडे कोणत्या दिशेने चाललेत ते पाहा.